अकोल्याच्या बाईचं ऐकत होते, माह्यं नाई

अहो सुरेशचे बाबा,

आज अखिती, पितराईची अक्षय तृतीया. तुमच्या नावानं घागर भरली, पान वाढलं, रस केला. अन् पंगतीत तुमची थोरली बहीण, अकोल्याच्या आक्काबाई, सगळ्याईसमोर म्हणतात कशा, "शेवटी शेवटी त्याले फक्त माह्यंच बोलणं समजे." रसाची वाटी त्याईच्या पदरावर सांडता सांडता राहिली! म्हणून हे पत्र. मले अक्षर येत नाई, नात मोना लिहून राहिली. गालात हसूनही राहिली.

खरं सांगा, त्याईचंच समजे का हो?

तुमचे हात थरथरू लागले, ते मले दिसलं. चाल आखूड झाली, तेही दिसलं. पण मी बोलली का तुमी नुसते पाहत बसायचे, ते काहून? चेहऱ्यावर ना हसू, ना राग. आधी वाटलं, म्हातारा रुसला. मंग वाटलं, बहिरा झाला. अन् आक्काबाई अकोल्याहून आल्या का उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "नामदेव, ऊठ." तुमी उठायचे! "चहा घे." घ्यायचे!

माह्यं बोलणं कसं, तुमाले ठावं. नवऱ्याचं नाव घेतलं नाई, सरळ काही सांगितलं नाई. मी भिंतीले सांगायची, "काही लोकाईचा चहा थंडा झाला का ते आमच्या नावानं बोंबलतात, पण उठून घ्या म्हटलं का त्याईले गुडघे आठवतात." तुमी हसत उठायचे. आपला सारा संसार असाच तिरपा चालला. अन् तेच तुमाले समजेनासं झालं!

अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं तवा उलगडा झाला. "आजी, कान चांगले आहेत. या आजारात मेंदूतला एक रस कमी पडतो. त्यानं नुसते हात थरथरत नाहीत, काहींना लांब वाक्य धरून ठेवणंही जड जातं. शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते. टोमणा तर पटकन उमगतच नाही. नाव घेऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगत जा."

आक्काबाई तिथंच हसल्या. "घे ना वो कमले, नाव!"

मी जळली, अहो! तुमचा शेंबूड पुसता पुसता त्याईनं जे नाव हजारदा वापरलं, ते माह्या जिभेवर येता येईना.

मंग एका दुपारी आक्काबाई अकोल्याले गेल्या. मी दाराची कडी लावली, तुमच्यासमोर बसली अन् म्हटलं, "नामदेव, पाणी प्या."

तुमी प्याले. मले रडू आलं. मीही आता आक्काबाईसारखी हुकूम सोडणारी झाली का?

तुमी गिलास खाली ठेवला. लई वेळानं, बारीक आवाजात म्हटलं, "उखाणा कुठी हाये?"

अहो! चेहरा लाकडाचा, अन् आतून टोमणा! आक्काबाईले असा एक तरी मारला होता का? त्याईले तुमी उठून दाखवलं, चहा पिऊन दाखवला. थट्टा मले दिली. आज पंगतीत हे ओठावर आलं होतं. गिळलं. कशाले सांगू? माह्यं हाये ते.

त्या दिवसापासून मी आखूडच बोलली. जेवा. बसा. निजा. लांबलचक सारं पोटात साचून हाये. तिथं डोकं साबूत झालं ना तुमचं? मंग मी आली का भिंत पाहून बसा अन् पुरतं ऐका.

फक्त आक्काबाई माह्याहून थोरल्या, तब्येतही नरम. त्या आधी पोचल्या तं "नामदेव, ऊठ" म्हणतील, अन् तुमी उठाल! म्हणून त्याईले आता अकोल्याले जाऊच देत नाई. इथंच ठेवतो, वेळेवर गोळ्या देतो, दूध पाजतो, दुखले तं पाय चेपतो. माह्या आधी त्या येणार नाईत, हे वचन.

तुमचीच, एकट्याची,
कमला
(मोनाच्या हातानं)