दिवाळीला पुसलेली रेघ

फैजपूर, सप्टेंबर १९७१

डॉक्टरसाहेबांना वत्सलाचा नमस्कार.

परवा मुंबईला मला तपासून तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "गाठ परत आली, वत्सलाबाई. माझंच मोजमाप चुकलं असेल." मी पदर सारखा केला.

दोन वर्षांपूर्वी गाठीला मशीनच्या किरणांचा शेक द्यायला तुम्ही माझ्या छातीवर जांभळ्या शाईची चौकट आखली आणि तिला पाणी लावू नका म्हणालात. शेक अर्धा झाला आणि दिवाळीला चार दिवस घरी सोडलंत. पहिल्या आंघोळीला सासूबाई म्हणाल्या, "सणाले पारोशी कोन राह्यतं?" त्यांनी उटणं लावलं, ऊन पाणी ओतलं. मोरीतून जांभळं पाणी केळींकडे वाहत गेलं, आणि मी ते पाहतच राहिले.

मग दौतीतल्या जांभळ्या शाईनं, उरलेल्या पुसट खुणांवरून, चौकट मीच पुन्हा काढली. तुमची एक रेघ जरा तिरकी होती. रोज रांगोळी काढणारा हात माझा, मी ती सरळ केली. तुम्हाला काही सांगितलं नाही, आणि पुढचा शेक त्याच चौकटीत झाला.

आता डोळा लागला की ती तिरकी रेघ माझ्या अंगावरून उतरून पाटाच्या पाण्यासारखी बागेत शिरते. मी तिच्या मागे चालत राहते, आणि पानांतून सगळं जांभळं दिसतं.

नवी गाठ तुम्ही बोटानं दाखवलीत, तेव्हाच मी जागा ओळखली. रेघ सरळ करताना तोच कोपरा माझ्या हातून चौकटीबाहेर राहिला होता.

हे पत्र गादीखालीच राहील. सोमवारी तुम्ही पुन्हा चौकट आखाल. या दिवाळीला मी पारोशीच राहीन. पण आखताना तुम्ही तीच रेघ पुन्हा पुन्हा मोजाल, तेव्हा मोजमाप तुमचं चुकलं नव्हतं हे फक्त मला ठाऊक असेल.

तुमची पेशंट,
वत्सला उखर्डू भंगाळे