टिल्लीवर राज्य

रविवार, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. मी बरी आहे. तुझी सर्दी कशी आहे? परवा फोनवर आवाज बसलेलाच वाटला. विचारायला गेले तर "ठेवते गं" म्हणालीस. पत्र असं मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय.

इकडे नेहमीचंच. कुणाची चेन बदल, कुणाच्या पँटची उंची कमी कर. रविवारी दुकान बंद, तरी मी मशीनपाशीच बसते. घरात दुसरं बोलणारं कोण आहे?

गल्लीतल्या पोरांनी माझी पायरी टाइमप्लीजची ठरवली आहे. तिथे बसलेल्याला धरायचं नाही. मला कुणी विचारलं नाही, पण बरं वाटतं.

त्यांच्यात एक टिल्ली आहे, पुढचे दोन दात पडलेली. लपाछपीत ती कायम कच्चं लिंबू. सापडली तरी तिच्यावर राज्य येत नाही. काल ती अडूनच बसली. "मला खरं खेळायला घ्या."

"तुला झेपणार नाही. रडशील," मोठी पोरं म्हणाली.

"रडीन. पण राज्य घेईन."

बराच वेळ हुज्जत चालली. तिला आकडे वीसपर्यंतच येतात, म्हणून वीसपर्यंत दोनदा म्हणायचे असं ठरलं. आणि बाई पहिल्याच डावात सापडल्या. दोनदा वीस म्हणून डोळे उघडले, तर गल्ली रिकामी. इकडे शोध, तिकडे शोध, कुणी सापडेना. ओठ थरथरायला लागले. मला राहवेना. दोघं माझ्याच दाराआड होते, मी डोळ्यांनी खूण केली.

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजी, सांगू नका ना. माझ्यावर राज्य आहे."

नाक पुसून परत शोधायला गेली. मी आत येऊन मशीनवर डोकं टेकलं.

ताई, तुमच्यात मी कच्चं लिंबूच राहिले. आई गेली तेव्हा माझी परीक्षा होती, म्हणून तू सगळं उरकल्यावर कळवलंस. माझ्या भल्यासाठीच, ठाऊक आहे मला. पण मी पोचले तोवर तुम्हा सगळ्यांचं रडून झालं होतं. मी एकटीच रडले. तेव्हापासून एकटीच रडते आहे, असं कधीकधी वाटतं.

तुला सर्दी नाही. तुझी सूनबाई बोलून गेली. तिला रागावू नकोस. गळ्यात गाठ आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, आणि "धाकटीला सांगू नका, तिला झेपणार नाही," असं तू बजावलं आहेस. साठी उलटली गं माझी.

नसेलही झेपत. पण दुकानाला कुलूप लावून मी येतेय. दवाखान्यात तुझ्या उशाशी मी बसणार. डॉक्टर जे सांगतील ते माझ्यासमोर सांगायचं, मला बाहेर पाठवायचं नाही.

टिल्लीला अंधार पडेपर्यंत कुणी सापडलं नाही. आज सकाळी सगळ्यांच्या आधी तीच खेळायला खाली आली.

रडत का होईना, पण येणारी,
तुझी धाकटी