ठेवणाऱ्याने शेवटी बोलायचं

शनिवार, ७ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार आणि तुझ्या बंद फोनला लांबूनच नमस्कार. तू फोन बंद करून बसलीस म्हणून इतक्या वर्षांनी हातात पेन धरलंय. अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे.

आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा पूर्वीपेक्षा बरा आहे. जिना उतरते, फक्त उतरताना सगळ्या इमारतीला कळेल असं विव्हळते. माझं लॅबमध्ये नेहमीचंच, दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे आणि कवळ्या. परवा एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हसल्यावर दात दुसऱ्याचे वाटतात, अशी तक्रार.' आता दुसऱ्याचेच आहेत, त्याला मी काय करू?

ड्रमवाल्याचा फोन आला होता. तुमच्या बँडचाच ड्रमवाला, आता टक्कल पडलेला, चष्म्याच्या दुकानाचा मालक. म्हणाला, "वीस तारखेला वाचनालयाचा हॉल मिळालाय. आम्ही तिघं रोज सराव करतोय आणि गाणारीच नाही म्हणते. माझं तर ती ऐकूनच घेत नाही. तू सांगून बघ."

सांगून बघते आहे. ताई, गा. सव्वीस वर्षांनी तुम्ही चौघं एकत्र येताय. इंटरनेटवरच्या कुठल्या तरी कट्ट्यावर कोणी काही खरडलं म्हणून हे सोडू नकोस.

त्या कट्ट्याबद्दल तुला वाटतं तेवढा आदर बाळगायचं कारण नाही. मी तिथे सात वर्षं आहे, मला विचार. 'सलग' असं नाव ठेवलंय. दर रविवारी सकाळी दहाला रॉकचा किंवा पॉपचा एक अल्बम ठेवायचा, सगळ्यांनी आपापल्या घरी तो एकदाच, मध्ये न थांबता ऐकायचा आणि मग संध्याकाळपर्यंत दहापैकी मार्क देत भांडायचं. तीनच्या खाली गेला की 'भंगार' यादीत. ठेवणाऱ्याने आपलं नाव सांगायचं नाही आणि शेवटी बोलायचं, म्हणजे म्हणे मतं शुद्ध राहतात. शुद्ध! पन्नाशीचे दोन गृहस्थ एका अल्बमात बेस जास्त आहे की कमी यावरून दीड वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. 'वाळवी' असं टोपणनाव घेतलेला एक आहे, त्याने वडील अतिदक्षता विभागात असताना बाहेरच्या बाकावरून चाळीस ओळी लिहिल्या, पॉप म्हणजे रॉकचं उष्टं आहे म्हणून. सगळे नाकाने कांदे सोलणारे. एकालाही वाजवता येत नाही, एकालाही गाता येत नाही. एकाने 'फालतू' म्हटलं की बाकीचे चौदा री ओढतात. बाई आहे कळलं तर 'हे तुम्हाला नवऱ्याने ऐकवलं का?' असं विचारतात, म्हणून आम्हा दोघीतिघींना तिथे पुरुष होऊन लिहावं लागतं.

असल्या लोकांपुढे गेल्या महिन्यात तुमची टेप आली. दोन दिवसांत भाड्याच्या खोलीत केलेली, पन्नास प्रती काढलेली तुमची एकुलती एक टेप. त्यांनी तोंडसुख घेतलं, दुसरं काय करणार? तो हातोडा नावाचा माणूस, ज्याचं लिखाण बेसवाल्याच्या मुलीने तुम्हा चौघांना पाठवलं, तोही त्यातलाच. लिहितो बरा, पण म्हणून काय झालं?

त्या दिवशी फोनवर तू मला ते सगळं वाचून दाखवलंस. मी म्हटलं होतं, लोक नालायक असतात, लक्ष देऊ नकोस. अजूनही तेच म्हणते.

भाऊजी आईला म्हणाले की, बालवर्गातल्या मुलांनाही तू आता गाणी मशीनवर लावून देतेस, स्वतः म्हणत नाहीस. हे खोटं असेल तर कळव.

तुझी,
धाकटी

रविवार, १५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी ते लॅबच्या कोटाच्या खिशात ठेवून फिरले. आता त्याला प्लास्टर लागलंय.

तू लिहिलंस, 'टेप ड्रमवाल्यानेच त्यांना दिली. त्याच्याशिवाय कोणाकडे प्रत उरलेली नाही. मी त्याला तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलंय. तू त्या कट्ट्यावर असतेस, तर एक काम कर. हा हातोडा कोण ते शोधून काढ. मला त्याला काही बोलायचं नाही, फक्त त्याचा चेहरा बघायचाय.'

शोधायला लागलं नाही. तो चेहरा तू लहानपणी ओल्या रुमालाने पुसायचीस. हातोडा म्हणजे मी.

पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस. पण ड्रमवाल्याने काही केलेलं नाही, एवढं तरी वाच. टेप मी ठेवली. तू मला दिलेली पहिली प्रत घर बदलताना हरवली असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. तू मागितलीस आणि मला ती द्यायची नव्हती. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात स्वेटरच्या खाली होती.

मी ती बाबांच्या जुन्या मशीनवर लावून कॉम्प्युटरवर उतरवली. ते मशीन घाईने चालायचं, आठवतं? बाबा म्हणायचे, याला ऑफिस गाठायचंय. मी दुरुस्तीवाल्याकडून पट्टा बदलून आणला होता. आता बरोबर चालत असेल असं धरून चालले, नीट तपासलं नाही. रविवारी दहा वाजता सगळ्यांबरोबर मीही ऐकायला बसले, आणि पहिल्या गाण्यात तुझा आवाज आला त्याच क्षणी मला कळलं. मशीन अजून पळत होतं. आवाज बारीक, चिरका, धापा टाकणारा. तो तुझा आवाज नव्हता. तुमच्या सरावाच्या वेळी मी दाराबाहेर उभी असायचे, मला आत बसू द्यायचे नाहीत. तुझा आवाज कसा आहे ते त्या कट्ट्यावर मला एकटीलाच माहीत होतं.

एक ओळ पुरली असती. 'थांबा, टेप जोरात पळतेय.' पण ठेवणाऱ्याने शेवटी बोलायचं असा नियम ना! मी नियमाआड मूग गिळून बसले. दुपारपर्यंत एकाने लिहिलं, सर्दी झालेलं बदक. दुसऱ्याने लिहिलं, चावी दिलेली बाहुली. मी हसले, ताई. एकटीच, जेवणाच्या टेबलाशी, मोठ्याने. आईने आतून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, लॅबचं आहे.

मग माझी पाळी आली. तू मला फोनवर वाचून दाखवलंस ते सगळं मी तिथे बसून चवीने लिहिलं. 'या बाईंना गाणं उरकून कुठेतरी जायची घाई आहे, श्रोत्यांनी त्यांच्या आधी निघावं.' 'आवाज इतका पातळ की पलीकडचा ड्रमवाला दिसतो.' जी चूक माझ्या मशीनची होती, नेमकी तीच धरून मी तुला सोललं. दहापैकी एक मार्क दिला. सात वर्षांत माझ्या कुठल्याच लिखाणाला इतकी वाहवा मिळाली नव्हती. त्यांनी ते कट्ट्याच्या माथ्यावर कायमचं लावून ठेवलं. मी दोन दिवस ते उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तू रडत रडत माझीच वाक्यं मला वाचून दाखवत होतीस. आणि त्यातही, एका वाक्याशी तू अडखळलीस तेव्हा माझ्या मनात आलं की इथे स्वल्पविराम हवा होता. या माणसाची मला किळस येते. दात घासताना आरशात बघवत नाही.

का ठेवली, असं विचारशील. वाटलं होतं की ते वाहवा करतील आणि शेवटी मी सांगेन, ही माझी बहीण. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. तू गातेस म्हणून पाहुणे आले की तुला हाक मारायचे आणि मला खुर्च्या आणायला सांगायचे. तुझा आवाज खरोखरच चांगला आहे की घरच्यांना नुसतं तसं वाटतं, हे मला परक्यांकडून ऐकायचं होतं. परके 'नाही' म्हणाले आणि मला बरं वाटलं. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि मला बरं वाटलं.

बुधवारी लॅबमधून थेट ड्रमवाल्याच्या दुकानात गेले. काउंटरवर टेप ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने बस म्हटलं नाही. आतल्या खोलीत त्याचं मशीन आहे, ते बरोबर चालतं. चष्म्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये उभं राहून आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. संपल्यावर मी म्हटलं, "ताईला तुम्हीच सांगा ना, तुमचं ऐकेल."

"मी नाही सांगणार," तो म्हणाला. "एवढं सगळं लिहिता आलं तुला, आता हेही लिही."

त्या मशीनवरून बरोबर वेगाची प्रत घेतली, गुरुवारी कट्ट्यावर ठेवली आणि खरं काय ते लिहिलं. मी बाई आहे, गाणारी माझी बहीण आहे, टेप पळत होती, पुन्हा ऐका. कोणी ऐकली असेल तर शपथ. अल्बम एकदाच ऐकायचा, दिलेले मार्क बदलत नाहीत, हाही नियमच. जुन्या टेपचा वेग सुधारणं हा मूळ कलाकृतीशी द्रोह आहे का, यावर मात्र त्यांनी ऐंशी उत्तरं लिहिली. अर्ध्याजणांना मी इतकी वर्षं पुरुष म्हणून वावरले याचाच धक्का बसला. माझं लिखाण काढून टाका म्हटलं तर म्हणाले, लेखन म्हणून उत्तम आहे, राहू द्या. ती घाण तिथेच राहणार, ताई. ती मी केलीय आणि मला पुसता येत नाही. मी तिथून बाहेर पडले, पण त्याने काय होतं?

आता जे सांगायला हे पत्र लिहितेय ते. सातव्या गाण्यात बेसवाला चुकतो. दोन मात्रा तरी उशिरा येतो. तू त्याच्यासाठी थांबतेस. स्वर धरून ठेवतेस, त्याला वाट सापडेपर्यंत, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गाणं तसंच बांधलंय. दाराबाहेरून मी ते गाणं शंभरदा ऐकलं होतं, पण हे मला बुधवारी कळलं. तुझा आवाज सुंदर आहे. मला तो नेहमीच सुंदर वाटला. सव्वीस वर्षांत मी हे तुला एकदाही म्हटलं नाही. तेव्हा म्हटलं असतं तर तुला खरं वाटलं असतं. आता माझ्या तोंडून ते कोणत्या किमतीचं आहे ते मला कळतं.

म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. सोबत टेप आहे, तुझी तुला. घरातल्या कुठल्याही मशीनवर लावू नकोस. ड्रमवाल्याच्या दुकानात जा, तो वाट बघतोय, रागावलेला नाही. स्वतः ऐक आणि मग वीस तारखेचं तुझं तू ठरव. मी हॉलमध्ये येणार नाही. आईला भाऊजी घेऊन येतील. मी समोर बसले तर, मी काय लिहीन हे तुझ्या डोक्यात येईल, आणि ते तुझ्या घशात अडकेल. ते मला नकोय.

दाराबाहेरसुद्धा उभी राहणार नाही.

'तुझी' असं लिहायला हात धजत नाही. तेवढी जागा मोकळी ठेवलीय, कधी वाटलं तर तू भर.

______
धाकटी