टाकीवरचा पांढरा ठिपका

३ मे
मेहुण्याची, म्हणजे नवीनची, नवीकोरी गडद निळी मोटरसायकल आठवडाभर आमच्या अंगणात. तो ट्रेनिंगला पुण्यात. जाताना म्हणाला, दाजी, धुळ्याला साखरपुड्यात ह्याच गाडीवर एंट्री मारायचीये, जपा. म्हटलं, बिनधास्त जा. गाड्यांतलं माझ्याइतकं अख्ख्या जळगावात कुणाला कळतं!

४ मे, सकाळ
घात झाला! टाकीवर तिळाएवढा पांढरा ठिपका. टवका उडालाय, थेट खालचा प्रायमर दिसतोय. काल गाडी फक्त चौकापर्यंत नेली होती. फार तर मेहरूण तलावापर्यंत.
गच्चीवर बायको मयुरी नि शेजारच्या कुंदाअक्का ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालताहेत. त्यासाठी शिजवलेल्या घाट्याची पातेली घेऊन गाडीला घासून सारखी ये-जा. माणसानं विचार करायचा कसा? मयुरीनं ओला फडका पुढे केला. म्हटलं, घाम नंतर पुसतो.

४ मे, संध्याकाळ
पॉलिश पेपर मारला. ठिपका आता हरभऱ्याएवढा. चांगलंच आहे, रंगाला पकड मिळते.

५ मे
रंगवाले अतिकभाई म्हणाले, ह्या रंगाला तीन थर लागतात. खाली बेस, मग पर्ल, वर क्लिअर. तीन बाटल्या खपवायच्या म्हटल्यावर दुकानदार असंच बोलणार. एकच निळी बाटली आणली.

६ मे
रंग मस्त बसला. जरा आकाशी वाटतो. लांबून डोळे बारीक करून पाहिलं तर अजिबात कळत नाही. मयुरीला लांबून डोळे बारीक करून पाहायला लावलं. तिला कळलं.

७ मे
पर्ल आणि क्लिअर आणलं. अतिकभाई नुसते हसले. आकाशी घासून काढला. जागा आता पुरीएवढी. मोठ्या जागेवर हात मोकळा चालतो.

८ मे, दुपार
तिन्ही थर दिले. कंपनीवाले म्हणे रंग भट्टीत भाजतात. आपल्याकडे त्रेचाळीस डिग्रीची भट्टी फुकट! गाडी उन्हात लावून झोपलो.

८ मे, चहानंतर
क्लिअरला बुडबुडे. त्यात गच्चीवरची एक बिबडी वाऱ्यानं उडून नेमकी ओल्या रंगावर. ओढली तर अर्धीच निघाली. कुंदाअक्का वरून ओरडल्या, "आते काय करी राहिनात भाऊ?" म्हटलं, डिझाइन. त्यांनी बिबडी परत मागितली.

९ मे
ठरलं. ह्याला कस्टम फिनिश म्हणायचं. नवीन आजकालचा पोरगा, खूश होईल. त्याचे मित्रही करून मागतील. छोटंसं दुकान टाकावं का? मयुरी म्हणाली, आधी नवीनला तर येऊ द्या.

१० मे
नवीन आला. गाडीभोवती फिरला. मी त्याला तिन्ही थर नीट समजावून सांगितले. तो मागे जाऊन उकिडवा बसला. मडगार्डवर तसाच तिळाएवढा पांढरा ठिपका! म्हटलं, बघ, मुळात रंगच कच्चा. थांब, हाही करून देतो. पॉलिश पेपर घेऊन आलो तोवर मयुरीनं ओल्या फडक्यानं तो पुसला. गेला.
वाळलेला घाटा होता. टाकीवरचाही तोच. मयुरी म्हणाली, पहिल्याच दिवशी फडका दिला होता ना!
नवीन माझ्या जुन्या स्कूटरवर धुळ्याला निघाला. मागे बसू का विचारलं. नको म्हणाला.
मयुरीनं फडका पुन्हा पुढे केला. ह्या वेळी मुकाट घाम पुसला.