फळीवरचा बाण

दि. ३ मार्च

प्रिय भाऊजींस, अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी केर काढत होते, गॅसवर दूध होतं आणि तुमचे दादा गिटारच्या फळीवर पेन्सिलीने बाण काढत होते. दुधाकडे बघा म्हटलं, तर म्हणाले, बघतोय ना, उतू चाललंय. बाण कशाला, ते विचारायचं राहूनच गेलं.

ते गेल्यापासून फळी बाकावरच आहे. रोज ओल्या फडक्याने पुसते, बाण तेवढा चुकवून. आता ती कौलासारखी वाकली आहे. लेक म्हणते, बाबांनी कबूल केलेली गिटार याच फळीची हवी. वाकडीची गिटार होते का? मला काही सुचेनासं झालंय.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.

तुमची वहिनी

दि. ११ मार्च

ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.

फळीला रोज अंघोळ घालणाऱ्या तुम्हीच पहिल्या. वरून ओली, खालून कोरडी. वरची बाजू फुगली, फळी वाकली. पुसणं थांबवा. खाली पट्ट्या देऊन सावलीत वाळू द्या. मग पोकळ बाजू खाली ठेवून वरचा फुगवटा रंध्याने काढा. एक बाजू सपाट झाली की मी येऊन करवतीने तिचे दोन पातळ पदर करीन. ते पुस्तकासारखे उघडून जोडले की गिटारची दर्शनी बाजू झाली. रंधा तुम्हीच धरा. दादा म्हणायचा, हिचा हात माझ्याहून हलका.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमचा धाकटा दीर

दि. २ मे

प्रिय भाऊजींस, अनेक आशीर्वाद.

फळी वाळली, पण वाक थोडा राहिलाच. पोकळ बाजू खाली ठेवली की बाण वर येतो. रंधा फिरवला तर तो जाणार. त्यांची वाद्यं लोकांच्या घरी गेली, माझ्याकडे हा बाणच उरलाय. आधी दुसरी बाजू केली तर? लेकीला विचारलं, तर म्हणते, आई, तू म्हणशील तसं, आणि तोंड फिरवते.

उत्तर लवकर धाडा, लोभ आहेच.

तुमची वहिनी

दि. ९ मे

ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.

उलटी ठेवलीत तर फळी डुलेल. बाण म्हणजे रंधा कुठून कुठे न्यायचा त्याची खूण. उलट गेलं तर लाकूड उचकटतं. दादा असता तर रंध्याच्या पहिल्या हातातच तो बाण गेला असता. पण तुमचं मन होत नसेल, तर दुसरं लाकूड आणतो. लेकीला मी समजावीन.

तुम्ही ठरवाल ते मला मान्य.

तुमचा धाकटा दीर

दि. २१ मे

प्रिय भाऊजींस, अनेक आशीर्वाद.

सवड काढून करवत घेऊन या, घर तुमचंच आहे. तुमचं पत्र शनिवारी आलं. वाचून फळी दोनदा कपाटात ठेवली, दोनदा बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी केर काढला, दूध तापवून उतरवलं आणि बाण दाखवतो त्या दिशेने रंधा चालवला.

तुमची वहिनी