माझ्या नावावरची व्हॅन

सोम., २ फेब्रु.

मुलगा घरी आला, व्हॅन अडकली. उलटं झालं असतं तर मी जास्त निवांत झोपले असते. हे लिहू नको गं वैशाली... लिहिलंस? बरं, राहू दे.

काल दिलीप व्हॅन घेऊन ठाण्याला मित्राच्या हळदीला गेला. चिऊला सोबत नेलं. परत येताना नाक्यावर अडवलं. संध्याकाळचे पाच, लख्ख ऊन. चौकीतून वैशालीला फोन, ‘तुमची मुलगी इथे आहे, न्यायला या.’ आम्ही सासू-सुना डोंबिवलीहून रिक्षा करून गेलो. रिक्षात दोघी एकमेकींशी बोललो नाही. एरवी आमची तोंडं बंद करायला देव लागतो.

चिऊ बाकावर बसलेली. हवालदार बाईंनी दिलेला बिस्किटाचा पुडा मांडीवर, न फोडता. मला म्हणाली, ‘आजी, बाबांनी नळीत फुंकलं आणि मशीन ओरडलं.’

आठ वर्षांची पोर. पुढच्या सीटवर बसली होती.

दिलीपला जामिनावर सोडलं. आज त्याच्या व्हॅनने शाळेत जाणारी बारा मुलं वाट बघत राहिली. आयांचे फोनवर फोन. दिलीप अंथरुणातून म्हणाला, ‘गिअरबॉक्स गेला म्हणून सांग.’ वैशालीने सांगितलं. गिअरबॉक्स बिचारा ठणठणीत.

मंगळ., ३ फेब्रु.

व्हॅन माझ्या नावावर आहे. मला सायकलसुद्धा येत नाही.

घेतली तेव्हा दिलीपला साडेसाती होती. भटजी म्हणाले, त्याच्या नावावर लोखंड नको. मग आईच्या नावावर. मी अंगठा उठवला, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं चिरडली. शनीला फसवलं म्हणून पेढे वाटले. अहो, घर तेच, दार तेच. शनी काय नावाची पाटी वाचून येतो?

आता सोडवायला मालक स्वतः हवा. कोर्टाचा कागद, गाडीची कागदपत्रं, आधार आणि मी. दिलीप दोनदा सांगून गेला, ‘आई, कोणी विचारलं तर पहिल्यांदाच घेतली म्हण. हळद होती म्हणून.’

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

गुरु., ५ फेब्रु. संकष्टी

आज पकडले गेले. पोलिसांनी नाही, सुनेने.

दुधाचा हिशोब करायला वैशालीने कॅलेंडर खाली काढलं. ‘आई, दुधाची खूण मी पेनने करते. कोपऱ्यात हे कुंकवाचं टिंब कसलं?’

मला अक्षर येत नाही, टिंब येतं. सकाळची मुलं सोडून दिलीप अकराला घरी येतो. कधी नुसता येतो. कधी बडीशेप चावत येतो, डोळे लाल, माझ्याकडे न बघता आडवा होतो. बाराला उठून तोंड धुतो आणि मुलं आणायला जातो. ज्या दिवशी तसं, त्या दिवशी मी कुंकवाच्या डबीत बोट बुडवून टिंब लावते.

वैशालीने मोजली. एकट्या जानेवारीत नऊ.

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू कामावरून येतेस तेव्हा तुला वास येत नव्हता?’

‘पेपरमिंटचा यायचा,’ म्हणाली.

इथे तिने पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने उचललं. चंद्र दिसला तरी दोघींना जेवण गेलं नाही. मोदक चिऊने खाल्ले.

बारा मुलं, महिन्यात नऊ वेळा. आणि मी काय करत होते, तर टिंब लावत होते. नऊ वेळा गणपतीला सांगितलं, एकदाही सुनेला नाही.

शुक्र., ६ फेब्रु.

कोर्ट. दिलीपने इस्त्रीचा शर्ट घातला. जावई बघायला निघालेल्या बापासारखा दिसत होता. साहेबांसमोर म्हणाला, ‘पहिलीच वेळ, साहेब.’ माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मी देवाचं नाव घेत होते की मला कोणी विचारू नये. आणि मग वाटलं, का नाही विचारत? एकदा विचारा तरी.

दंड झाला. लायसन सहा महिने बंद. गाडी सोडायचा कागद मिळाला.

येताना रिक्षात म्हणतो, ‘उद्या अंगठा दे, सोमवारपासून मुलं सुरू.’

‘आणि लायसन?’

‘अगं आई, गल्लीतल्या गल्लीत कोण बघतंय?’

वैशाली बाहेर बघत होती. माझे हात गार पडलेले. तिचा धरला, तर तिचा माझ्याहून गार.

शनि., ७ फेब्रु.

शनिवारी लोखंड घरात आणू नये. पण पोलीस पकडलेल्या गाड्या ठेवतात त्या आवारातल्या मॅडमची साप्ताहिक सुट्टी रविवारी, म्हणून आजच.

वागळे इस्टेटकडे पत्र्याचं कुंपण, आत धूळ खात पडलेल्या गाड्या. काही चेपलेल्या. एका स्कूटरला लहान मुलाचा बूट अजून अडकलेला, नजर लागू नये म्हणून बांधतात तसला. त्या स्कूटरचा पुढचा भागच नव्हता. मी तिकडे बघायचं नाही ठरवलं आणि तेवढंच बघत राहिले.

आमच्या व्हॅनवर माझं स्वस्तिक होतं तसंच.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. नशा केलेल्या किंवा लायसन नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणार नाही, मी, मालक.

‘परत वाचा,’ मी म्हटलं.

‘समजलं नाही का, आजी?’

‘समजलं. पण याला नीट ऐकू येत नाही.’

दिलीप खोकला. मॅडमनी पुन्हा वाचलं, या वेळी त्याच्याकडे बघून.

मग शाईचा पॅड पुढे आला. बोट उचलेना. अंगठा नाही दिला तर व्हॅन इथे गंजेल, घराची चूल थंडावेल. दिला तर... वैशाली हळूच म्हणाली, ‘आई, चावी तुम्ही घ्या.’ तेव्हा उठवला.

वैशालीचा भाऊ चालवत घेऊन आला. चावी माझ्या कनवटीला.

रवि., ८ फेब्रु.

दिलीप दिवसभर गोड. मला चहा करून दिला. लग्न झाल्यापासून पहिला. फार भीती वाटली.

वैशालीने दोन ड्रायव्हरांना फोन केले. एक खडवलीचा, मंगळवारी कळवतो म्हणाला. दिलीप म्हणाला, ‘माझ्या गाडीवर दुसरा?’

‘माझ्या,’ मी म्हटलं.

हसला. मी नाही हसले.

सोम., ९ फेब्रु. दुपार

सकाळी साडेसहा. चावी कनवटीला चाचपली, होती. आणि खाली व्हॅन सुरू झाली.

दुसरी चावी. गाडीला चाव्या दोन असतात हे मालकिणीला ठाऊक नाही.

चिऊ दप्तर घेऊन जिन्यात अर्ध्यावर. तिला वर ढकललं, अनवाणी खाली उतरले. दोन मजले कशी उतरले देव जाणे, गुडघे अजून बोलतायत. पुढचं दार उघडून चिऊच्या जागेवर बसले.

‘आई, उतर. उशीर होतोय.’

‘मालकीण आहे मी. चल, मला पण शाळेत घाल.’

‘आई, मस्करी नको.’

खिडकी बंद होती. आत बडीशेप होती का, उदबत्तीचा वास होता, का कालचंच काही, मला कळेना. आयुष्यभर फोडणी नाकाने ओळखली, आणि पोटच्या पोराचा वास ओळखता येईना. मी तळहात त्याच्या तोंडापुढे धरला.

‘फुंक.’

‘काय?’

‘माझ्याकडे मशीन नाही. फुंक.’

त्याचे डोळे भरले. रागाने का कशाने. व्हॅन बंद केली, चावी माझ्या मांडीवर टाकली आणि चालत निघून गेला. वळून बघितलं नाही.

वैशालीने आज खाडा केला. बाराही घरी फोन केले. या वेळी गिअरबॉक्स म्हणाली नाही. काय म्हणाली ते मला सांगत नाही, इथे लिहीतही नाही.

एक वाजला. दिलीपचा फोन बंद. चिऊ खिडकीत उभी आहे. दोन्ही चाव्या देवापुढे.

वैशाली विचारतेय, आजचं टिंब लावायचं का?

काय सांगू. त्याने फुंकलंच नाही.