प्लॅटफॉर्म मोकळा

कामिओरि जंक्शन
९ ऑक्टोबर १९६१

ती. इत्सुएताईस,
धाकट्या मोरिओचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल मिळालं. लोकरीचे मोजे आईला फार आवडले, म्हणजे आता ते कपाटात जाणार आणि ती जुनेच भोकांचे घालणार. खिंडीत गारठा सुरू झालाय. सेंदाईत तुमचं बरं आहे.

आता मुद्द्याचं. या महिन्यापासून नवी डिझेल एक्सप्रेस आपल्याकडून जायला लागली. पूर्वी खिंड चढायला प्रत्येक गाडीला मागून जादा इंजिन जोडावं लागे. ते होईपर्यंत आई निवांत अख्खा प्लॅटफॉर्म फिरायची, जेवणाचे डबे विकायची, मातीच्या किटलीतला चहा द्यायची, वर उतारूंच्या सुनांची चौकशीही करायची. बाबा गेल्यावर आपण दोघं त्या जादा इंजिनाच्या जिवावरच वाढलो म्हण ना! नव्या गाडीला ते लागतच नाही. खाणीच्या फाट्याच्या गाडीतले उतारू चढले की शिट्टी. त्यामुळे आई गळ्यात खोकं अडकवून खिडकीखिडकीशी धावते, आणि सुट्टे द्यायचे राहिले तर सुटलेल्या गाडीबरोबर पळते. कामिओरित कुणी उतारूला बुडवलं असं म्हणता कामा नये, म्हणते. वय किती, पळते किती!

ताई, गाडी सोडणारा मीच, आणि ती मागे खांबापाशी परतल्याशिवाय मी शिट्टीच देत नाही. पण इथून पुढे एकेरी रूळ. इकडे उशीर झाला की समोरची गाडी पुढच्या स्टेशनात ताटकळते. काल स्टेशनमास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं, की तुमच्या घड्याळाला चावी आईचे पाय देतात का? सगळे हसले. पुन्हा उशीर झाला तर माझी रवानगी मालधक्क्यावर होणार. आणि वेळेवर शिट्टी दिली, आणि तिचा पाय घसरला तर? काय करू ते तूच सांग, नाहीतर आईला तरी तूच समजाव.

मुलांना पापे. तुझा लोभ आहे म्हणून तर रडगाणं गातोय.

तुझा
मोरिओ

सेंदाई
१३ ऑक्टोबर

चि. मोरिओस,
अ. उ. आ.

तू लहानपणापासून आईचं शेपूट, ते अजून तसंच! आईला मी समजावायचं म्हणतोस? बाबा गेल्यावर तेराव्या महिन्यात तिने खोकं गळ्यात घातलं तेव्हा अख्ख्या गावाने समजावलं होतं. ऐकलं का कुणाचं?

माझं ऐक. तू शिट्टी रोखतोस म्हणूनच ती पळते. माझा लेक आहे, तो मला टाकून गाडी सोडणार नाही, हा तिचा भरवसा. दोनचारदा गाडी वेळेवर सोड, दोनचार गिऱ्हाइकं हातची जाऊ देत, आपोआप बसेल गप्प. प्लॅटफॉर्मवर ती तुझी आई नाही असंच समज. तिकडे बघूच नकोस.

लिहिते आहे खरं, पण माझ्याच सल्ल्याची मला भीती वाटते. उलट टपाली कळव. आमच्याकडे सगळे ठीक. स्वतःला जप, आणि ताईवर रागावलास तरी पत्र टाकायला चुकू नकोस.

तुझी
ताई

सेंदाई
२६ ऑक्टोबर

चि. मोरिओस,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, आईचंही नाही. काल पोस्टमनच्या सायकलमागे फाटकापर्यंत धावले, शेजारणी बघत राहिल्या. आमचे हे म्हणतात, काही वाईट असतं तर तार आली असती. तार आली नाही म्हणून जिवाला घोर लागायचा थांबतो का? चार शब्दांचं कार्ड तरी टाक रे!

ताई

कामिओरि
२७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई जिवंत आहे. आधी हे वाच आणि मग खाली बस.

जिवावरचं खांद्यावर निभावलं. खांदा निखळला होता, तो बसवला. गुडघा सोलवटलाय. तार करू नकोस असं तिनेच बजावलं, आणि पत्र लिहायला माझा हात धजत नव्हता.

आमची रेल्वेची रीत तुला ठाऊक आहे. नुसतं बघायचं नाही, बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. सिग्नल बरोबर. प्लॅटफॉर्म मोकळा. डोळा चुकला तर बोट सावरेल, बोट चुकलं तर तोंड. त्या दिवशी आई तिसऱ्या डब्याच्या खिडकीत सुट्टे देत होती. मी बोट दाखवलं ते थेट तिच्यावर. उजेड लख्ख होता. तिच्या डोक्याचं पांढरं फडकं दिसत होतं. आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, प्लॅटफॉर्म मोकळा! आठवडाभर तिला न बघण्याचा सराव केला होता ना, तो असा फळला. शिट्टी दिली. खोक्याचा पट्टा दाराच्या कडीत अडकला, ती फरफटली. गार्डने ब्रेक लावला म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते लिहवत नाही.

आईने स्टेशनमास्तरांना ठासून सांगितलं की ती खांबाआड होती, पोराला दिसणार कशी? ताई, ती खांबाआड नव्हती. मी त्यांना खरं ते सांगितलं आणि राजीनामा दिला. माझ्या जागी दुसरा माणूस येईपर्यंत कामावर या म्हणाले. जातो, पण दुसराच कुणीतरी गाडी सोडतो. माझं बोट वर होत नाही. उचललं की ते फडकंच दिसतं.

तुझा काही दोष नाही. मी शेपूट तर शेपूट, पण डोळे माझेच होते. माया पातळ करू नकोस.

मोरिओ

कामिओरि
४ नोव्हेंबर

चि. इत्सुएस,
अ. उ. आ.

उजवा हात बांधून ठेवलाय, डाव्याने लिहितेय. अक्षराला हसलीस तर बघ.

तुझं रडून भिजलेलं पत्र पोचलं. पुरे आता. तू सांगितलंस, त्याने ऐकलं, मी पळत राहिले. तिघांत शहाणं कोणीच नव्हतं. गाडी बदलली आणि मी बदलले नाही, एवढंच. खोकं मी आता देऊन टाकलं. डबे स्टेशनाबाहेरच्या दुकानाच्या खिडकीतूनच विकीन. जेवढे खपतील तेवढे.

पण मोरिओ काही जेवेना. राजीनामा अजून स्टेशनमास्तरांच्या खणातच होता. म्हटलं, हा असा घरी बसला तर माझा खांदा बरा होऊन उपयोग काय? मग परवा उठले, तुझे नवे मोजे घातले आणि एक्सप्रेसच्या वेळी रिकाम्या हाताने प्लॅटफॉर्मवर गेले. स्टेशनमास्तरांना म्हटलं, आजची गाडी माझ्या मुलाला सोडू द्या, तुमच्या पाया पडते. मग त्यांनी मोरिओला बोलावलं आणि स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले.

गाडी आली. मी मुद्दामच डब्याला खेटून उभी. मोरिओचं बोट वर आलं आणि माझ्यावर थांबलं. सगळी गाडी खोळंबली. मी ओरडून म्हटलं, अरे, दिसतंय ते बोल की! तर म्हणाला, आई. मी म्हटलं, हे घरातलं झालं, कामावरचं बोल. मग असा ओरडला की फाट्याच्या गाडीतलेही लोक डोकावले. माणूस आहे! गाडी थांबवा!

तेव्हा मी मागे सरले, पार बाकापर्यंत. त्याने पुन्हा बोट दाखवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक खिडकी बघत. मग म्हणाला, मोकळा. आणि शिट्टी दिली. गाडीला उशीर झाला, पण राजीनाम्याचा कागद संध्याकाळी त्याच्याच हातात परत आला.

जिवात जीव आला आहे, तो तुझ्याही आला असेल. नातवंडांना आशीर्वाद.

तुझी
आई